तंजावरचे नाताळगायन : वेदनायक शास्त्री आणि कुरवंजीची आकृती

१

तमिळ पंचांगातील मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्याला सुरू होऊन जानेवारीच्या मध्याला संपतो. या महिन्यात तंजावर नगरीत पहाटे मंदिरांतून तिरुप्पावै आणि तिरुवेंपावै यांचे गायन चालते. भजनकरी टाळ घेऊन मंदिराभोवतीच्या रस्त्यांनी नामघोष करीत जातात. याच महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत नाताळ येतो. तेव्हा ख्रिस्ती मंडळ्यांतील गायकांचे लहान लहान गट रात्री घरोघर जाऊन ख्रिस्तजन्माची पदे गातात. एक फेरी पहाटेची, दुसरी रात्रीची. आराध्य वेगळे, ग्रंथ वेगळे. परंतु पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण यांची बांधणी, राग-तालांची ओळख, आणि दाराशी येऊन गाणाऱ्याला घरात घेण्याची रीत ही दोन्हीकडे एकच आहे. काकडआरतीचा व वासुदेवाच्या फेरीचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला या साम्याचे नवल वाटू नये. नवल वाटावे ते याचे की, दीडदोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्याच ख्रिस्ती मंडळीत या गायनाच्या वैधतेविषयी कडवा वाद झाला, आणि त्या वादात एका गायक कवीला आपली उपजीविका गमवावी लागली.

हा गायक म्हणजे वेदनायक शास्त्री (१७७४-१८६४). तमिळ ख्रिस्ती पदांचे आद्य महत्त्वाचे रचनाकार म्हणून त्यांचे नाव तमिळ वाङ्मयेतिहासात घेतले जाते. ‘प्रतापमुदलियार चरित्रम्’ या १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आद्य तमिळ कादंबरीचे कर्ते मायूरम् वेदनायकम् पिळ्ळै (१८२६-१८८९) हे त्यांच्याहून वेगळे होत. नामसाम्यामुळे दोघांची गल्लत होते, ती टाळली पाहिजे. मराठी वाङ्मयेतिहासात तंजावरचे प्रकरण सामान्यतः रामदासी मठांतील रचना, भोसले राजांची नाटके आणि बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ शिलालेख यांच्यापाशी थांबते. त्या दरबाराच्या सावलीत वाढलेल्या तमिळ ख्रिस्ती गायनाची तेथे सहसा दखल घेतली जात नाही. ती का घ्यावी, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२

वेदनायकांचा जन्म तिरुनेलवेली परिसरात वेळ्ळाळ समाजात झाला. त्यांचे वडील देवसहायम हे ख्रिस्ती झालेले आणि स्वतः पदे रचणारे गृहस्थ होते. जर्मन लूथरपंथी धर्मोपदेशक क्रिस्टियन फ्रीडरिश श्वार्ट्झ यांनी १७८५ च्या सुमारास या मुलाला तंजावरला आणले. श्वार्ट्झ १७५० मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि तमिळ, फारसी, हिंदुस्थानी या भाषांबरोबर तंजावरच्या दरबारी व्यवहारासाठी त्यांनी मराठीही आत्मसात केली होती. राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये, निधनापूर्वी, दत्तक घेतलेला बाल शरभोजीही याच श्वार्ट्झांच्या देखरेखीखाली वाढला. दत्तक राजपुत्र आणि ख्रिस्ती कवी यांना एकच गुरू लाभला. दोघांच्या पुढील आयुष्यांत ही गोष्ट पुनःपुन्हा डोकावते.

तंजावरनंतर वेदनायकांचे शिक्षण तरंगंबाडी येथे झाले. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ साली सुरू झालेले हे मिशन जर्मनीतील हाले येथील विद्यापरंपरेशी जोडलेले होते. धर्मशास्त्राबरोबर भूगोल, गणित, शरीरशास्त्र आणि खगोल यांचा परिचय तेथे वेदनायकांना झाला. पुढे तंजावरला परतून ते मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. त्यांच्या रचनांवर प्रसन्न होऊन ख्रिस्ती मंडळींनी त्यांना ‘सुविशेष कविरायर’, म्हणजे शुभवर्तमानाचा कविराज, ही पदवी दिली.

श्वार्ट्झ १७९८ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी शरभोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला; राजाच्या हाती किल्ला, नगर, मंदिरे आणि विद्याव्यासंग एवढेच उरले. शरभोजी अखेरपर्यंत शिवभक्त राहिले. तरी आपल्या गुरूचे स्मारक त्यांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरात करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभा असलेला राजा असे ते शिल्प शिवगंगा किल्ल्यातील १७७९ च्या चर्चमध्ये आहे.

या काळाविषयी एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते, ती येथेच तपासून पाहणे इष्ट. तंजावरच्या चार नृत्यगुरू बंधूंपैकी वडिवेलू यांनी व्हायोलिन श्वार्ट्झ यांच्याकडून घेतले, अशी ती आख्यायिका आहे. वडिवेलू यांचा जन्म १८१० चा; श्वार्ट्झ त्याआधी बारा वर्षे वारले होते. तेव्हा ही कथा शब्दशः खरी असू शकत नाही. तथापि ती निर्माण का झाली हे समजण्यासारखे आहे. व्हायोलिनसारखे परकीय वाद्य कर्नाटक संगीतात याच दशकांत रुळले आणि शरभोजींच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा ताफाही होता. मिशन आणि दरबार यांमधली वाट गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पायांखालची होती, याची लोकस्मृतीने आख्यायिकेच्या रूपाने नोंद ठेवली आहे.

३

वेदनायक शास्त्रींची सर्वांत प्रसिद्ध कृती ‘बेत्लेहेम कुरवंजी’ १८०० च्या सुमाराची आहे. तिचे महत्त्व कळण्यासाठी कुरवंजी हा प्रकार थोडक्यात समजून घेतला पाहिजे.

कुरवंजी म्हणजे कुरव जमातीतील, डोंगरात राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री. मराठी लोकजीवनात शकुन सांगत दारोदार फिरणाऱ्या स्त्रीचे जे स्थान आहे, ते साधारणतः हिचे. या नाट्यगीताचे कथानक ठरलेले असते. क्षेत्राच्या देवाची मिरवणूक निघते. एक कुलीन नायिका ती पाहते आणि देवाच्या प्रेमात पडते. चंद्र-वारा तिला जाळू लागतात. सखी समजूत घालते. मग कुरवंजी येते, आपल्या डोंगराचे, मुलखाचे, फिरलेल्या देशांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते आणि मीलनाचे भाकीत सांगून बक्षीस घेते. शेवटी तिचा नवरा सिंगन, जो पक्षी पकडणारा पारधी आहे, तिला शोधत येतो व दोघांच्या विनोदी संवादाने खेळ संपतो. अठराव्या शतकाच्या आरंभीची त्रिकूटराजप्प कविरायर यांची ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’ ही या प्रकाराची आदर्श रचना मानतात.

या आकृतीत तीन जागा अशा आहेत की तेथे कवी नवा मजकूर भरू शकतो. पहिली जागा क्षेत्राची : नायक हा कोणत्या तरी स्थळाचा स्वामी असावाच लागतो. दुसरी जागा कुरवंजीच्या देशवर्णनाची : ती बहुश्रुत, बहुदेशगामी असल्यामुळे तिच्या तोंडी जगाविषयीची कोणतीही माहिती घालता येते. तिसरी जागा सिंगनची : त्याचे जाळे आणि त्याची शिकार यांना रूपकाचा अर्थ देता येतो.

वेदनायकांनी या तिन्ही जागांचा नेमका उपयोग केला. कुट्रालमच्या जागी बेथलेहेम आले. यहूदा प्रांतातील एक लहानसे गाव तमिळ पद्यात एकदम क्षेत्र झाले. तेथला स्वामी मिरवणुकीने येतो आणि सीयोनची कन्या देवमोहिनी त्याला पाहून विरहिणी होते. ख्रिस्तजन्माची कथा अन्यत्र आख्यानाच्या क्रमाने सांगितली जाते. येथे ती क्षेत्रमाहात्म्याच्या अंगाने येते. देव अमुक गावी प्रकटला म्हणून ते गाव गावे, ही तमिळ भक्तिपरंपरेची आठव्या-नवव्या शतकापूर्वीपासूनची सवय. नाताळ हा मुळात एका स्थळी, एका रात्री घडलेल्या प्रकटनाचा सण असल्याने ही सवय त्याला अगदी सहज लागू पडली.

दुसऱ्या जागेत कवीने तरंगंबाडीला शिकलेला खगोल भरला. सूर्य मध्यभागी असून पृथ्वीसह ग्रह त्याच्याभोवती फिरतात, ही कोपर्निकसची मांडणी या तमिळ गेय नाट्यात गायिली जाते. तिसऱ्या जागेत पारधी सिंगन ज्ञानसिंगन होतो आणि त्याच्या जाळ्यातील पक्ष्यांची जागा माशांचे रूपक घेते. गालील सरोवरावरील कोळ्यांना येशूने ‘माणसे धरणारे’ केले, त्या प्रसंगाचा हा तमिळ अवतार होय.

आता तंजावरच्या मराठी दरबाराकडे वळले म्हणजे याच आकृतीचे आणखी दोन वापर समोर येतात. शरभोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी कृती आहे. तिच्यात कुरवंजी इंद्रलोकी जाऊन पृथ्वीवरील खंड, देश आणि नगरे यांची माहिती सांगते. म्हणजे देशवर्णनाच्या त्याच जागेत राजाने आधुनिक भूगोल भरला. शरभोजींनी स्थापिलेल्या शाळांच्या आणि मुद्रणालयाच्या नावातच ‘नवविद्या’ हा शब्द होता. ती नवविद्या सांगायला त्यांनी शकुनवंतीण निवडली. दुसरीकडे कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकांनी ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तमिळमध्ये रचली. तिचा नायक स्वतः शरभोजी असून ती बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी सादर करीत असत.

एकाच नगरात, एकाच पिढीत, एकाच नाट्यप्रकाराचे हे तीन उपयोग झाले : मंदिरात राजस्तुती, दरबारात भूगोल, ख्रिस्ती मंडळीत बेथलेहेम. कोणी कोणाचे अनुकरण केले, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. शहाजीराजांच्या (१६८४-१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकापासून तंजावरला अनेक भाषा एका रंगभूमीवर नांदवण्याची सवय होती. आकृती ही कोणा एका धर्माची किंवा भाषेची मालमत्ता नाही, ती नगराची सामाईक विहीर आहे, असे तेथील रसिक गृहीत धरीत होते. वेदनायक शास्त्रींनी त्या विहिरीचे पाणी भरले, एवढेच.

४

सादरीकरणाच्या बाबतीत मात्र शास्त्रींची परिस्थिती वेगळी होती. मंदिरातील कुरवंजीला देवदासींचे नृत्य, नट्टुवनारांचे मार्गदर्शन आणि उत्सवाचा खर्च यांचा आधार असे. ख्रिस्ती मंडळीत यांपैकी काहीच मिळण्यासारखे नव्हते. त्यामुळे सारा भार गायनावर आणि निरूपणावर आला. मुख्य गायक, त्याच्या मागे सूर धरणारे दोघे-तिघे आणि तालाची साथ, एवढ्या साधनांवर ख्रिस्ती मंडळींच्या सणांत आणि कुटुंबांच्या मेळाव्यांत ही पदे गायिली जात. नाटकाची बैठक झाली. ही मर्यादाच पुढे या परंपरेचे बळ ठरली, कारण जे गायन एका ओसरीवर मावते त्याला परवानगी कोणाचीच लागत नाही.

परवानगीचा प्रश्न उद्भवला तो चर्चच्या आत. आजही तमिळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गीतांचे दोन वर्ग मानले जातात : पामालै आणि कीर्तनै. पामालै म्हणजे युरोपीय स्तोत्रांची भाषांतरे, मूळच्या चालींवर गायची. कीर्तनै म्हणजे राग-तालात बांधलेली देशी पदे. जर्मन स्तोत्राची चाल शब्दांतील आघातावर बेतलेली असते. तमिळ पद्य ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर चालते आणि चरणाच्या आद्य अक्षराचा अनुप्रास म्हणजे मोनै व दुसऱ्या अक्षराचे यमक म्हणजे एदुगै यांवर त्याचा कानाला होणारा आनंद अवलंबून असतो. भाषांतरित स्तोत्रात अर्थ राखला की एदुगै जाते, आणि चाल राखली की दीर्घ अक्षर ऱ्हस्व उच्चारावे लागते. इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली जुनी उपासनागीते ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ही ओढाताण वेगळी सांगायला नको. श्वार्ट्झ यांच्या पिढीने दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालू दिले होते.

१८२० नंतर परिस्थिती पालटली. जुने लूथरपंथी मिशन इंग्लंडच्या चर्चच्या संस्थांकडे गेले आणि नव्या विचारांचे मिशनरी आले. त्यांच्याविरुद्ध शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तक्रारींत मुख्य मुद्दे चार होते. फाब्रिसियस यांचे रूढ तमिळ बायबल बाजूला सारून ऱ्हेनियस यांनी सुधारलेला नवा अनुवाद आणणे. सणासमारंभांतील फुलांची सजावट बंद करणे. उपासनेत तमिळ पदांना मनाई करणे. आणि निरनिराळ्या जातींच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र बसण्यास भाग पाडणे. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ च्या ईस्टरला तंजावरला आले तेव्हा मंडळीला त्यांच्याकडून सहानुभूतीची आशा वाटली. परंतु पुढच्याच आठवड्यात, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्ली येथे त्यांचा आकस्मिक अंत झाला. १८२९ मध्ये शास्त्रींची मिशनमधील नोकरी गेली.

तेव्हा त्यांना आश्रय दिला तो शरभोजींनी. या संबंधाविषयी शास्त्रींच्या घराण्याची परंपरा एक प्रसंग सांगते. बृहदीश्वरावर अशीच एखादी कृती रचावी अशी इच्छा राजाने व्यक्त केली. कवीने त्याऐवजी केवळ येशूचीच स्तुती करण्याचा निश्चय सांगणारे पद रचून पाठवले, आणि राजाने ते मानून घेतले. प्रसंगाचे तपशील परंपरेचे आहेत. पण शिवभक्त राजाने निष्ठावंत ख्रिस्ती कवीला पोसले, हे ऐतिहासिक सत्य आहे. ज्या गायनाला देवळासारखे म्हणून चर्चने बाहेर काढले, त्याला देवळाच्या राजाने, गाणारा आपल्या देवाला गात नाही हे ठाऊक असूनही, आधार दिला.

१८३२ मध्ये शरभोजी निवर्तले. शास्त्री पुढे आणखी बत्तीस वर्षे जगले. मिशनचे वेतन गेलेले आणि आश्रयदाता राजा गेलेला, अशा स्थितीत गाणे हेच त्यांचे साधन उरले. ज्या घरी सण असेल, ज्या मंडळीला ऐकण्याची हौस असेल, तेथे बैठक. मोठ्या परंपरा पुष्कळदा अशा लहान बैठकींतूनच तगून राहतात.

५

येथपर्यंतची हकीकत एका सरळ निष्कर्षाकडे नेते : परकीय सत्तेने देशी कला दडपली आणि एका निष्ठावंत कलावंताने ती जपली. हा निष्कर्ष खोटा नाही, परंतु तो अपुरा आहे. वर सांगितलेल्या चार तक्रारींतील चौथी तक्रार विसरून पहिल्या तीन गौरवाने सांगणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ एका बाजूला व परैयर दुसऱ्या बाजूला बसत. नव्या मिशनऱ्यांनी ही व्यवस्था मोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा वेदनायक शास्त्री तिच्या बचावासाठी उभे राहिले. जाती सुधारू पाहणे हा वेडेपणा आहे, अशा अर्थाचे शीर्षक असलेले त्यांचे लेखन १८२९ चे आहे. पुढे १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद पूर्णपणे सोडून द्यावेत असा निर्वाणीचा आदेश काढला, तेव्हा तंजावरच्या वेळ्ळाळ ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळ जण मंडळीपासून दूर झाले.

शास्त्रींच्या मनात पद, फूल, जुने बायबल आणि जातीची बैठक या चारही गोष्टी एकाच वीणीत गुंफलेल्या होत्या. आपली रीत म्हणजे या सर्वांचा समुच्चय, असे त्यांना वाटे. मिशनऱ्यांनाही तसेच वाटत होते. म्हणून तर जात काढायची तर गाणेही काढले पाहिजे असा त्यांचा समज झाला. दोन्ही पक्ष परस्परविरोधी असूनही एका गृहीतकावर एकमत होते : आकृती आणि समाजव्यवस्था यांची फारकत होऊ शकत नाही. हे गृहीतक बरोबर होते काय, हाच या सर्व प्रकरणातील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या दोघांच्या वादात मिळत नाही, पुढील इतिहासात मिळते.

६

या उत्तराकडे जाण्यापूर्वी मराठीशी असलेला सांगीतिक संबंध स्पष्ट केला पाहिजे, कारण येथे शब्दच फसवतात. तमिळमध्ये कीर्तनै म्हणजे एक पद, एक रचना. मराठीत कीर्तन म्हणजे पूर्वरंग-उत्तररंगासह होणारा संपूर्ण प्रयोग. मराठी कीर्तनाला समांतर असा जो तमिळ प्रयोग, त्याला हरिकथा किंवा कालक्षेपम् म्हणतात.

तंजावर-मन्नारगुडी भागात समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेचे मठ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होते आणि त्यांच्याबरोबर मराठी कीर्तन तेथे पोचले होते. तरीही तमिळ हरिकथेला तिचे आजचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मोरगावकर रामचंद्रबुवा यांच्या तंजावरमधील कीर्तनांनी तेथील गायकांना नवी दृष्टी दिली आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनी तो साचा तमिळमध्ये पक्का केला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते आणि छंद तमिळ हरिकथेत त्याच नावांनी रूढ झाले. हा काळ पाहता वेदनायक शास्त्रींचे गायन मराठी कीर्तनातून निघाले असे म्हणता येणार नाही. त्यांची मुळे तमिळ पदात आणि कुरवंजीत आहेत. मात्र त्यांच्या वंशजांनी आणि इतर गायकांनी पुढे जो ख्रिस्ती कथाकालक्षेप चालविला, तो या घडलेल्या हरिकथेच्या शेजारीच वाढला. वक्ता-गायक एकच, पदामागून निरूपण, निरूपणातून पुन्हा पद, ही त्याची चाल कोणाही मराठी कीर्तनश्रोत्याला ओळखीची वाटेल.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातही हाच प्रश्न निराळ्या वाटांनी सुटला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले ते पुराणाची आकृती घेऊन, आणि ते चर्चमध्ये वाचले जाई. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषेवरच गदा आली, तेव्हा त्या परंपरेचा ओघ आटला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंगाला ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. नगर भागातील या मंडळ्यांत बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. ज्या श्रोत्यांना देवळातल्या कीर्तनात उंबऱ्याबाहेर बसावे लागे, त्यांच्यासमोर तीच आकृती आता मध्यभागी उभी राहिली. तंजावरच्या वादातील गृहीतकाला नगरच्या या अनुभवाने उत्तर दिले आहे. आकृती जुन्या व्यवस्थेतून उचलता येते; मात्र ती आपोआप शुद्ध होत नाही. तिच्यासमोर कोण बसतो आणि तिच्यातून कोण गातो, हे बदलावे लागते.

७

तंजावरमध्येही हे बदलले. मदुरा येथील अमेरिकन मिशनचे एडवर्ड वेब यांनी १८५३ मध्ये तमिळ ख्रिस्ती पदांचा संग्रह सार्वजनिक उपासनेसाठी छापला. त्यात वेदनायक शास्त्रींची पुष्कळ पदे होती. म्हणजे तंजावरला मनाई झाल्यानंतर पाव शतकाच्या आत, आणि कवी हयात असताना, त्याचे गाणे छापील पुस्तकाच्या रूपाने चर्चमध्ये परतले. जातींच्या निरनिराळ्या बाकांचा आग्रह ज्याने धरला त्याची पदे निरनिराळ्या जातींच्या माणसांनी एका पुस्तकातून गाण्यास आरंभ केला. कवीची इच्छा आणि कवितेचा प्रवास यांत असा विरोध येणे वाङ्मयात नवे नाही. येथे तो विशेष उठावदार आहे.

पुढील शतकात तंजावरच्या ख्रिस्ती संगीतातील सर्वांत मोठे नाव झाले ते अब्राहम पंडितर (१८५९-१९१९) यांचे. ते नाडार समाजातून आलेले, व्यवसायाने सिद्ध वैद्य आणि संगीताचे गाढे अभ्यासक. त्यांनी १९१२ पासून स्वखर्चाने तंजावरला संगीत परिषदा भरविल्या, ख्रिस्ती आशयाची कीर्तनै रचून त्यांच्याद्वारे रागांचे शिक्षण दिले, आणि १९१७ मध्ये ‘करुणामृत सागरम्’ हा श्रुतिविचारावरील बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा पंडितर आपल्या कन्यांसह तेथे गेले व श्रुतींविषयीचे आपले मत त्यांनी गायनासह मांडले. शास्त्रींच्या काळच्या वेळ्ळाळ मंडळीने ज्या समाजाला आपल्या बरोबरीचे स्थान दिले नसते, त्या समाजातील एका ख्रिस्ती माणसाने तंजावरचे संगीत मराठी संस्थानिकाच्या राजधानीत शास्त्र म्हणून उभे केले.

तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक : तंजावरचा मराठी वाङ्मयेतिहास केवळ मराठी ग्रंथांवरून लिहिता येणार नाही. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे राजाचे एक चमत्कारिक लहर म्हणून बाजूला ठेवले जाते. ‘बेत्लेहेम कुरवंजी’ शेजारी ठेवून वाचले म्हणजे ती एका सामाईक पद्धतीचा भाग होती हे उघड होते. दुसरी : आकृतीच्या स्वीकाराचे कौतुक करताना त्या आकृतीबरोबर काय काय आत आले, हेही विचारले पाहिजे. वेदनायक शास्त्रींना गाण्यासाठी सोसावे लागले हे खरे, आणि ज्या बैठकीसाठी ते भांडले तिच्यात सर्वांना जागा नव्हती हेही खरे. ही दोन सत्ये एकमेकांना खोडत नाहीत.

मार्गळीतल्या रात्री तंजावरच्या गल्लीत एखादा गट ख्रिस्तजन्माचे पद गात दाराशी येतो, तेव्हा कीर्तनै कोणाची, हे गाणाऱ्यांपैकी काहींना ठाऊक असते, काहींना नसते. गटात कोण कोणत्या समाजाचा, हे पदाला ठाऊक नसते. घरातले लोक दार उघडतात, पल्लवी पुन्हा एकदा म्हटली जाते, आणि गट पुढच्या दाराकडे वळतो.